राबत्या हातांचा कॅमेरा

२०१९च्या शिवजयंतीला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात सहा एकर शेतात छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र उगवलं. कलावंत मंगेश निपाणीकर यांनी रानात रेघा आखल्या, बी पेरलं आणि हिरवळीतून महाराजांचा चेहरा उभा केला. ते चित्र सगळीकडे पोचलं ते ड्रोनमुळे. बांधावर उभं राहून सहा एकरांतला चेहरा डोळ्यांत मावत नाही, तो आभाळातूनच दिसतो. त्या कामाचं मला आजही कौतुक आहे. पण ती छायाचित्रं पाहताना एक प्रश्न पडतो. बी टाकणाऱ्या हाताला हे चित्र कसं दिसत असेल? नाकाच्या वळणावर ओळ नेमकी कुठे मोडायची, हे जमिनीवर उकिडवं बसलेला माणूस कसं ठरवतो? आभाळातून काढलेल्या चित्रणात याचं उत्तर मिळणार नाही. ते वरून दिसतच नाही.

आपल्या भागाला आता वरून पाहण्याची सवय झाली आहे. लग्नाआधीची चित्रफीत असो, सभा असो, यात्रा असो की सांडव्यावरून वाहणारा तलाव असो, ड्रोन असतोच. काम करणाऱ्याच्या कपाळावरून किंवा छातीवरून दिसणारं जग मात्र फारसं कुणी टिपत नाही. ते टिपणारं यंत्र बाजारात आहे आणि दरवर्षी नवं होऊन येतं. मुठीत मावणारा, पाण्याला न भिणारा, पट्ट्याने अंगाला बांधता येणारा ॲक्शन कॅमेरा. आपल्याकडे तो लडाखला निघालेल्या बुलेटस्वाराच्या हेल्मेटवर ओळखीचा झाला आणि तिथेच थांबला. माझं म्हणणं असं आहे की या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण हात मोकळे ठेवणं हा आहे, म्हणून ज्यांचे हात दिवसभर कामात गुंतलेले असतात त्यांच्याकडे तो आधी जायला हवा. या कसोटीवर नवे कॅमेरे पाहिले की जाहिरातीतले बरेच मोठे गुण लहान होतात. ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही असे दोन-तीन गुण मोलाचे ठरतात. आणि परीक्षणांमध्ये ज्यांची चर्चाच होत नाही असे काही दोष समोर येतात.

या यंत्राचा जन्म समुद्रावरचा. निक वुडमन हा अमेरिकन तरुण लाटांवर स्वार होताना स्वतःची छायाचित्रं काढू पाहत होता. मनगटाला कॅमेरा बांधायच्या पट्ट्यापासून त्याने सुरुवात केली, २००२ मध्ये कंपनी काढली आणि २००४ मध्ये गोप्रोचा पहिला कॅमेरा विकायला आणला. तो साधा रिळाचा होता. पुढे त्यात चलत्‌चित्रण आलं, स्कीवाले, सायकलस्वार, पॅराशूटवाले आले आणि या कॅमेऱ्याची मापं त्यांच्या गरजेने ठरत गेली. किती मीटर खोल पाण्यात चालतो, किती हादरे सोसतो, उडी किती संथ करून दाखवतो, यावर त्याची परीक्षा होऊ लागली. आजही तशीच होते.

आपला वारसा वेगळा आहे, हे इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कॅमेरा लावला तो कुस्तीसमोर. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं. महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ तयार केली आणि ती दाखवून पैसा उभा केला. पुढे ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटात त्यांनी स्वतःचंच काम कॅमेऱ्यासमोर मांडलं. अंगमेहनत, उगवण आणि कारागिरी हे मराठी माणसाने कॅमेऱ्याला दिलेले पहिले विषय आहेत. फाळक्यांनी ज्यासाठी महिनाभर कळ काढली ते आज या डबीतली एक कळ दाबली की होतं. मग आपण ती डबी फक्त घाटातल्या वळणांसाठी का वापरावी?

आता नव्या कॅमेऱ्यांकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये गोप्रोचा हिरो १३ ब्लॅक आला आणि त्याच महिन्यात डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ५ प्रो. ऑक्टोबरात इन्स्टा३६०चा एस प्रो २ आला, तो एट-के चित्रण करतो. २०२५ मध्ये एकीकडे चहूबाजूंनी पाहणारे गोल कॅमेरे आले आणि दुसरीकडे अगदी इवलेसे. इन्स्टा३६०चा गो अल्ट्रा साधारण ५३ ग्रॅमचा, डीजेआयचा ऑस्मो नॅनो साधारण ५२ ग्रॅमचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्मो ॲक्शन ६ आला. त्याच्या भिंगाचं छिद्र उजेडाप्रमाणे कमी-जास्त होतं आणि प्रकाश टिपणारा सेन्सर आधीच्यांपेक्षा मोठा आणि चौरस आहे. हे सगळे कॅमेरे उत्तम आहेत. दहा वर्षांपूर्वी एवढ्याशा यंत्रातून असं चित्र निघेल असं कुणाला वाटलं नसतं. विशेषतः हादरे गिळण्याची त्यांची हातोटी थक्क करते. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलेला कॅमेरासुद्धा संथ पाण्यासारखं स्थिर चित्र देतो.

पण आपल्याकडे पहिला प्रश्न उन्हाचा. हिरो १३ ब्लॅक ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपनीच सांगते. डीजेआयच्या ॲक्शन ५ प्रोसाठी आणि इन्स्टाच्या एस प्रो २ साठी ही मर्यादा ४५ अंश आहे. लातूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो, तोही सावलीतला. उन्हात कपाळावर बसवलेल्या काळ्या डबीचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. शिवाय हे कॅमेरे पाणी आत जाऊ नये म्हणून सीलबंद असतात. त्यांना पंखा नसतो आणि आतली उष्णता फक्त बाहेरच्या कवचातून निघते. वारा लागला तर ती निघून जाते. बरीच परीक्षणं चालत्या गाडीवर, सायकलवर केलेली असतात आणि तिथे वारा फुकटात मिळतो. खळ्यावर एका जागी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर तो मिळत नाही. म्हणून परीक्षणात तासभर चाललेला कॅमेरा आपल्या रानात त्याआधीच मान टाकू शकतो. सोयाबीनची काढणी आश्विन-कार्तिकात येते आणि तुरीची हिवाळ्यात, तेव्हा अडचण कमी. उन्हाळी नांगरट किंवा विहिरीचं खोदकाम टिपायचं असेल तर मात्र ही बाब सगळ्यात आधी पाहायला हवी. चित्र जितकं मोठं तितकं यंत्र तापतं. त्यामुळे एट-के हा इथे गुण म्हणून मोजायचं कारण मला दिसत नाही.

दुसरा प्रश्न उजेडाचा आहे, आणि तो येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, उदाहरणाने नीट कळतो. लातूर, धाराशिव, नांदेडकडची वेळ अमावस्या म्हणजे दिवसभर रानात भज्जी-आंबिलीचं जेवण आणि दिवस मावळताना पेटता टेंभा घेऊन शेताभोवती धावणारी माणसं. दुपारची पंगत ॲक्शन कॅमेरा फार सुंदर टिपेल, कारण त्याचं रुंद भिंग पांडवांच्या पूजेची खोप, गोतावळा, ज्वारीचं रान सगळं एकत्र धरतं. टेंभ्याच्या वेळी मात्र तो उघडा पडतो. स्थिरतेची जादू अशी चालते की कॅमेऱ्यातला जायरोस्कोप प्रत्येक हिसका मोजतो आणि तेवढी चौकट उलट दिशेला सरकवली जाते. भर उन्हात एक चित्र सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलं जातं, त्यामुळे ते मुळातच स्वच्छ असतं. अंधारात तेच चित्र सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत रेंगाळतं. धावणाऱ्याचं पाऊल तेवढ्यात आपटतं आणि चित्र आतूनच पुसट होतं. चौकट कितीही सरकवली तरी ती पुसट रेघ जात नाही, ज्वाळा थरथरत राहतात. मोठा सेन्सर आणि मोठं उघडणारं भिंग यांनी हा दोष कमी होतो. ऑस्मो ॲक्शन ६ मधली सुधारणा म्हणूनच मला खरी सुधारणा वाटते. आपले निम्मे सण, पालख्या, वराती दिवेलागणीनंतरच्या. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणारा शेतकरीही अंधारातच काम करतो.

पाण्याचं म्हणाल तर दहा मीटर आणि वीस मीटर हा झगडा आपल्यासाठी जवळपास निरर्थक आहे. आपल्याला बुडी मारायची नाही. तरी हा गुण कामाचा आहे, फक्त वेगळ्या कारणाने. चिखलाने, भुश्शाने माखलेला कॅमेरा नळाखाली धरून धुता येतो. मोबाइलच्या बाबतीत अशी हिंमत करवत नाही. विहिरीत पंपाचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला का, हे दोरीला कॅमेरा आणि टॉर्च बांधून पाहता येतं. एक अडचण मात्र लक्षात ठेवायची. पाण्याखाली वायफाय पोचत नाही, त्यामुळे वर मोबाइलवर थेट काही दिसत नाही. वर ओढल्यावर जे टिपलं असेल ते पाहायचं.

पैशाचा हिशोब कठोर आहे. हिरो १३ ब्लॅक भारतात ४४,९९० रुपयांना आला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे हमीभाव मिळाला तरी जवळपास साडेआठ क्विंटल सोयाबीन एका कॅमेऱ्यात जातं. कोरडवाहू रानात एवढं पीक निघायला एक एकर पुरेलच असं नाही. त्यावर मेमरी कार्ड, जास्तीची बॅटरी, पट्टे आणि खोबण्या यांचा खर्च. हे कॅमेरे सीलबंद असल्याने गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला ते उघडून जसेच्या तसे बंद करता येत नाहीत. आणि साठवणीचं काय? सेकंदाला १२० मेगाबिट या वेगाने चित्रण केलं तर तासाला ५४ गिगाबाइट होतात. रोज दीड-दोन गिगाबाइट डेटा मिळणाऱ्या माणसाने ते कुठे पाठवायचं आणि कशावर ठेवायचं? साध्या एचडी दर्जाचं चित्रण या सगळ्यावर उपाय आहे आणि मोबाइलच्या पडद्यावर ते छान दिसतं. पण मग एट-केसाठी पैसे मोजलेच का, हा प्रश्न उरतोच.

आता ज्या ठिकाणी हा कॅमेरा माझ्या मते अमूल्य ठरेल तिथे थोडं थांबतो. सोयाबीन काढून बनीम, म्हणजे गंजी, लागते आणि मग गावात मळणी यंत्र येतं. ट्रॅक्टरला जोडलेला फिरता दांडा, पट्टे, तोंडाशी काड ढकलणारी माणसं, उडणारा भुस्सा, आणि पावसाच्या धास्तीने चाललेली घाई. मराठवाड्यात दर हंगामात कुणाचा हात, कुणाची ओढणी, कुणाचं पातळ या यंत्रात अडकल्याच्या बातम्या येतात. सुरक्षिततेची पत्रकं निघतात, पण ती पत्रकं बाजूला उभं राहून काढलेल्या चित्रांवर बेतलेली असतात. काड ढकलणाऱ्याला नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे कपाळावरचा कॅमेराच दाखवू शकतो. पेंढी उचलली की हातापुढचं यंत्राचं तोंड पेंढीमागे झाकलं जातं. धोका आहे त्याच क्षणी तो नजरेआड असतो. असं पाच मिनिटांचं चित्रण हंगामाआधी गावातल्या गड्यांना दाखवलं तर भाषणापेक्षा जास्त उपयोग होईल.

पण इथेच या कॅमेऱ्याचा एक गंभीर दोष निघतो. त्याचा छातीवरचा पट्टा फिरत्या यंत्राजवळ स्वतःच धोका असतो. जे ओढणीचं तेच लोंबत्या पट्ट्याचं. म्हणून मळणी यंत्रापाशी छातीचा पट्टा वापरूच नये असं मी ठामपणे म्हणेन. डोक्याचा घट्ट पट्टा किंवा टोपीला लावायची क्लिप ठीक. इथे त्या इवल्या कॅमेऱ्यांचा एक गुण कामी येतो. ते सदऱ्याआड ठेवलेल्या लोहचुंबकावर चिकटतात आणि ओढ बसली की सुटून पडतात. जाहिरातीत चुंबक सोय म्हणून दाखवतात, खळ्यावर तो जीव वाचवण्याची गोष्ट होऊ शकतो. मात्र तो लटकन म्हणून गळ्यात अडकवायची दोरी सोबत आली असेल तर ती घरीच ठेवावी. चुंबकासोबत खटके असलेल्या खोबण्याही असतात. त्या ओढीने सुटत नाहीत, त्यामुळे हा फरक विकत घेण्याआधी हाताने ओढून पाहिला पाहिजे.

दुसरी जागा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाची. तालुक्याच्या प्रत्येक गावात जळालेल्या मोटारी येतात. व्होल्टेज कमी-जास्त झालं, पाणी संपून मोटार कोरडी चालली, की तांब्याची तार जळते. ती काढून नवी भरणाऱ्या मिस्त्रीच्या बोटांत जी विद्या असते ती पुस्तकातून शिकवता येत नाही. कोणत्या खाचेत किती वेढे, तार किती ताणायची, कागद कुठे दुमडायचा, हे शिकाऊ पोरगा वर्षभर शेजारी बसून पाहतो. तोही उलट्या बाजूने पाहतो, म्हणून डावं-उजवं मनात फिरवून घ्यावं लागतं. मिस्त्रीच्या कपाळावरून पाहिलं तर हात जसे आपले तसे दिसतात. आयटीआयच्या वर्गात हे चित्रण लावलं तर शिकणं सोपं होईल यात मला शंका नाही. तांत्रिक अडचण अशी की या कॅमेऱ्यांचं भिंग दूरवरचं धरायला बनवलेलं असतं, हातभराच्या आतलं बारीक काम पुसट होतं. गोप्रोने हिरो १३ साठी जवळचं पाहणारं जोडभिंग काढलं, ते ११ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दाखवतं. ते वेगळं विकत घ्यावं लागतं. कारागिराच्या दृष्टीने हे जोडभिंग एट-केपेक्षा शंभर पटीने महत्त्वाचं आहे, पण चर्चा एट-केची होते. निलंगा राईस करणाऱ्या आचाऱ्याच्या बाबतीत त्यात वाफेची भर पडते. पातेल्यावर वाकलं की भिंगावर धुकं येतं आणि ते पुसायला हात लागतोच.

गावातल्या माणसाने गावातल्या माणसाला दाखवलेलं चित्रण जास्त पटतं, याला अनुभवाचा आधार आहे. २००६ मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात ‘डिजिटल ग्रीन’ हा प्रयोग सुरू झाला. त्यात तज्ज्ञांच्या भाषणांऐवजी स्थानिक शेतकऱ्यांची साधी चित्रणं गावातच, माणूस सोबत उभा राहून दाखवली गेली. पडद्यावर दिसणारा माणूस आपल्यातला आहे हे कळलं की लोक नवी पद्धत करून पाहायला तयार होतात, असं त्यातून पुढे आलं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ रुंद वरंबा-सरीने सोयाबीन पेरायला सांगतं. ही गोष्ट ट्रॅक्टरच्या बसायच्या जागेवरून, सरीत चाक कसं ठेवायचं आणि वळणावर यंत्र कुठे उचलायचं हे दाखवत, निलंगा तालुक्यातल्याच एखाद्या शेतकऱ्याने सांगितली तर किती फरक पडेल!

तिसरी जागा पुराव्याची. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने रानंच्या रानं खरडून नेली. अशा वेळी पंचनाम्यापर्यंत पाणी ओसरतं आणि खरवडलेल्या मातीवर पुन्हा ऊन पडतं. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचं छायाचित्र नोंदवतो. त्या कामाला मोबाइलच हवा, ॲक्शन कॅमेऱ्याचा काही उपयोग नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण भर पावसात, कमरेएवढ्या पाण्यातून जनावरं सोडवताना मोबाइल खिशातून निघत नाही. तेव्हा टोपीवरचा कॅमेरा साक्षीदार होतो. हिरो १२ मधून काढलेलं जीपीएस गोप्रोने हिरो १३ मध्ये परत आणलं. त्यामुळे चित्रणासोबत ठिकाणही नोंदलं जातं. इतर कंपन्यांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ते वेगळ्या रिमोटवरून किंवा मोबाइलवरून घ्यावं लागतं. आपल्याकडे हा गुण भिंगाइतकाच महत्त्वाचा आहे.

साक्षीला नियमही असतात, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला निकाल मराठवाड्यातलाच आहे. जालन्याच्या २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ उपकरण न्यायालयात आणलं नाही, तर प्रतीसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र लागेलच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम आहे आणि त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमतही द्यावी लागते. नवे कॅमेरे मात्र माणसाला उलट्या दिशेने ढकलतात. मोबाइलवरचं ॲप आपोआप कापतं, जोडतं, रंग बदलतं, संगीत टाकतं. बघायला ते छान असतं, पण ते मूळ चित्रण नव्हे. कार्डावरची मूळ फाइल जागा करण्यासाठी पुसली की साक्ष दुबळी झाली. ज्याला पुरावा हवा त्याने कार्ड काढून बाजूला ठेवावं.

आता त्या आक्षेपांकडे वळायला हवं जे मी हलके मानत नाही. पहिला आक्षेप जीवावर बेतणाऱ्या चित्रणाचा. जून २०२४ मध्ये मराठवाड्यातल्याच सुलीभंजनच्या डोंगरावर रील काढली जात असताना मोटार मागे जाऊन दरीत कोसळली आणि एका तरुणीचा जीव गेला. कॅमेरा कोणता होता हा प्रश्न गौण आहे. आपल्याला कुणीतरी पाहणार आहे हे कळलं की माणूस जरा जास्त करतो, आणि कॅमेरा अंगावर असला की ही जाणीव काम संपेपर्यंत सुटत नाही. सर्पमित्रांकडे पाहा. साप धरताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्यांच्यासाठी हा कॅमेरा खरोखर उपयोगी. साप कसा धरला, कुठे सोडला याची नोंद राहते. पण त्याच कॅमेऱ्यापुढे नागाला हातात खेळवण्याचा मोह होतो आणि त्या मोहाने चांगली माणसं गेली आहेत. केरळच्या मोटार वाहन खात्याने २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावण्याविरुद्ध कारवाई सुरू केली, ती आणखी एका काळजीतून. हेल्मेटवरचा टणक उंचवटा पडल्यावर डोक्यालाच इजा करू शकतो. मला ती काळजी रास्त वाटते. दुचाकीवर कॅमेरा हवाच असेल तर तो हँडलला लावावा.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. पन्नास ग्रॅमचा कॅमेरा सदऱ्यावर चिकटवला की समोरच्याला तो दिसतही नाही. निंदणीला ओळीने बसलेल्या बायका, हापशावर पाणी भरणाऱ्या मुली, दवाखान्यातली रांग यांच्यापैकी कुणीही होकार दिलेला नसतो. मोठा कॅमेरा निदान दिसायचा, त्यामुळे माणूस पदर सावरायचा किंवा ‘काढू नका’ म्हणायचा. ही संधीच जाते. नव्या मॉडेलांमधला वजन कमी करण्याचा गुण इथे दोष होतो.

आणि याहून मोठी भीती वेगळीच आहे. तामिळनाडूतल्या करूरमध्ये कामगार कपाळाला गोप्रो बांधून टॉवेलच्या घड्या घालतात, आणि ती चित्रणं यंत्रमानवांना हाताचं काम शिकवण्यासाठी परदेशी पाठवली जातात. २०२५ मध्ये हे वाचलं तेव्हा मला माझ्याच म्हणण्याची दुसरी बाजू दिसली. राबणाऱ्या हाताची नजर मोलाची आहे हे मी म्हणतो, तेच कंपन्यांनीही ओळखलं आहे. मग ते मोल कुणाला मिळणार? उद्या एखाद्या मुकादमाने ऊसतोड मजुराच्या डोक्याला कॅमेरा बांधला आणि कोयता किती वेळ थांबला हे मोजायला सुरुवात केली, तर तो कॅमेरा हात मोकळे ठेवणारा राहत नाही. म्हणून मी अट घालतो. कॅमेरा ज्याच्या अंगावर, सुरू-बंद करायची कळ त्याच्याच हातात. चित्रण बाहेर जायचं तर त्याला विचारून, आणि त्यातून पैसा झाला तर त्याचा वाटा ठरवून. ही अट मोडली जाणार असेल तर निलंग्यात एकही कॅमेरा आला नाही तरी चालेल.

खरेदीबद्दल माझा सल्ला सरळ आहे. एकट्या शेतकऱ्याने हा खर्च करू नये. शेतकरी उत्पादक कंपनीने, बचत गटांच्या संघाने किंवा तालुक्याच्या आयटीआयने एक घ्यावा आणि अवजार बँकेतल्या अवजारासारखा आळीपाळीने द्यावा. एट-के सोडून द्यावं. मला निवडायला सांगितलं तर मी ४५ अंशांपर्यंत चालणारा, एकदा भारून कंपनीच्या म्हणण्यानुसार चार तास टिकणारा आणि पोटातच ४७ गिगाबाइट जागा असलेला ॲक्शन ५ प्रो निवडेन. एक पिढी जुना झाल्याने तो स्वस्तही पडतो. पुराव्याचं काम मुख्य असेल तर जीपीएसवाला हिरो १३. आणि विकणाऱ्या कंपन्यांकडे एक मागणी आहे. हिरो १३ तोंडी हुकूम ऐकतो, पण त्याला येणाऱ्या भाषांत मराठी नाही. चिखलाने भरलेल्या हातांना तोंडी हुकुमाची गरज लाटेवर स्वार होणाऱ्यापेक्षा कमी नाही.

पहिल्या हंगामात मळणी यंत्राचं तोंड, मोटारीचे वेढे आणि पेरणी यंत्राचे तुंबलेले नळे एवढंच टिपलं तरी पुष्कळ. बोलणं गावातल्या बोलीतच असू द्यावं. वाऱ्याचा घोंगाट नको असेल तर माइकवर फोमचं टोपण लावावं, पण चित्रणावर गाणं चढवू नये. यंत्राचा आवाज ऐकू आला पाहिजे. मोटारीचं बेअरिंग गेलं आहे की नाही हे मिस्त्री आधी कानानेच ओळखतो.